सॉस ताटात डावीकडे वाढा

मागच्या महिन्यात मुलांच्या डब्याबद्दल लिहिताना मी एक ओळ सहज लिहून गेले, ‘टोमॅटो सॉस म्हणजे लाल रंगाचा साखरेचा पाक’, आणि त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. काहींनी शाबासकी दिली, काहींनी झापलं. एका काकांनी तर ‘ताई, तुम्ही टोमॅटोचा अपमान केलात’ असं लिहिलंय. ओळ अर्धीच बरोबर होती हे मला आता मान्य आहे, उरलेली अर्धी खाली येईल.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. पोळी असो, उपमा असो, थालीपीठ असो, सॉसशिवाय घास जात नाही. सासूबाई म्हणतात टोमॅटोच आहे ना, भाजी गेली पोटात. तुम्ही म्हणता पाक. नक्की काय समजायचं? (ठाणे)

तुमच्या सासूबाईंना एकदम चूक म्हणू नका, कारण हाच वाद १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारनेसुद्धा घातला होता. शाळेतल्या जेवणाचा खर्च कमी करायचा म्हणून तिथल्या कृषी खात्याने नवीन नियमांचा मसुदा काढला, त्यातून केचपसुद्धा भाजी म्हणून धरता येईल असा अर्थ निघत होता, मग पेपरवाल्यांनी इतकी टर उडवली की मसुदा मागे घ्यावा लागला. तर नाही, भाजी नाही.

आता आकडे बघू. पोह्याचा मोठा चमचा भरून केचप घेतलं तर ते साधारण १७ ग्रॅम भरतं, त्यात साखर ४ ग्रॅमच्या आसपास म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, आणि सोडियम दीडशे मिलिग्रॅमच्या वर. सोडियमचा आकडा लेबलवर दिसला की त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ किती ते कळतं, इथे ते जवळजवळ ०.४ ग्रॅम होतं. मुलीने दिवसात असे चार चमचे खाल्ले (पोळीला लावून लावून सहज जातात, मी माझ्या भाच्याचे मोजले होते) तर १६ ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवा म्हणते, आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत. लहान मुलांचं खाणं कमी म्हणून त्यांची मर्यादा त्याहून खालची. म्हणजे चार चमच्यांत विष नाही, पण बिस्किटं, चहा-दूध, शाळेतला वाढदिवसाचा केक हे सगळं वरून यायचंय ना.

आणि आपल्याकडच्या काही बाटल्या याहून अंमळ जास्तच गोड असतात. मागची बारीक अक्षरं वाचा, १०० ग्रॅममागे साखर २० च्या पुढेच दिसेल, काहींत ३० च्या जवळ.

इतकं गोड का करतात, त्याची गंमत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत केचप टिकावं म्हणून सोडियम बेन्झोएट घालायचे, ते आरोग्याला वाईट म्हणून हार्वे वायली नावाचा सरकारी रसायनतज्ज्ञ हात धुऊन मागे लागला होता, १९०६ साली तिथे अन्नशुद्धीचा कायदाही आला. हाइन्झ कंपनी १८७६ पासून टोमॅटो केचप विकत होती, तिने बेन्झोएट काढून टाकलं आणि टिकण्यासाठी जास्त पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि त्या आंबटपणाला झाकायला जास्त साखर असा मार्ग काढला. तीच चव जगभर ‘केचपची चव’ होऊन बसली. म्हणजे साखर आली टिकाऊपणाच्या गरजेतून आणि राहिली जिभेच्या सवयीने. आपण मोरंब्याला नावं ठेवत नाही, पण मोरंबा वाटीभर खातही नाही.

मी काय करेन सांगते. बाटली बंद नाही करणार, रडारड होईल आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन दुप्पट खाईल. आपल्या ताटात मिठाच्या बाजूला, डावीकडे, चटणी-लोणचं-कोशिंबीर वाढतात ना, तिथे तिचा एक चमचा सॉस वाढायचा. आपल्या हाताने, बाटली टेबलावर ठेवायची नाही. डावीकडचं परत वाढतात पण पातेलं घेऊन बसत नाहीत, हे मुलांना न सांगता कळतं.

प्रश्न : सॉस, केचप, प्युरी, पेस्ट यात फरक काय? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला सगळं एकच. (सातारा)

अर्धं एकच आहे. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात टोमॅटो सॉस आणि टोमॅटो केचप एकाच ओळीत येतात, दोघांनाही मीठ सोडून विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के आणि ठरावीक आंबटपणा लागतो. म्हणून आपण महाराष्ट्रात सरसकट सॉस म्हणतो ते चालतं. इटलीत मात्र सॉस म्हणजे पास्त्यावर घालायचा शिजवलेला टोमॅटो, त्यात व्हिनेगर-साखरेचा तो गोड-आंबट प्रकार नसतो.

प्युरी म्हणजे नुसता टोमॅटोचा गाळलेला आटवलेला गर, किमान ९ टक्के घन. पेस्ट म्हणजे तोच अजून आटवून २५ टक्क्यांच्या वर नेलेला. या दोन स्वयंपाकाच्या वस्तू आहेत, तोंडी लावायच्या नाहीत. आणि हो, केचपच्या बाटलीवर ‘टोमॅटो पेस्ट’ म्हणून एखादा २५-३० टक्के आकडा दिसला की लोक चिडतात, बाकीचं काय मग माती का, पण पेस्ट आटवलेली असते हे लक्षात घ्या, एक किलो पेस्टला पाच-सहा किलो टोमॅटो लागतात. त्यापेक्षा क्रम बघा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचा नियम आहे, टोमॅटोच्या आधी साखर किंवा पाणी आलं की समजून जा.

केचप हा शब्द मुळात टोमॅटोचा नाहीच. दक्षिण चीनमधल्या होक्किएन बोलीतला, माशाच्या खारवलेल्या पाण्याचा. इंग्रजांनी तो उचलून मश्रूमचं, अक्रोडाचं काय काय केचप केलं आणि टोमॅटोचं छापील रूपात पहिल्यांदा आलं ते १८१२ साली, फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांच्या कृतीत. आपल्या बोंबलाच्या चटणीशी त्याचं जुनं नातं लागेल असं मला उगीचच वाटतं.

प्रश्न : तुमचं वाचून घरी सॉस केला. दोन किलो टोमॅटो, यूट्यूबवर बघून. चव छान झाली पण पंधरा दिवसांत बाटलीच्या गळ्याशी काळं कडं आलं. बुरशी आहे का? आणि वर पाणी पण सुटलंय. (कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून मला माझा फळप्रक्रियेचा वर्ग आठवला, तिथे याला चक्क नाव होतं, ‘ब्लॅक नेक’. आधी नीट बघा, केसाळ असेल, पांढुरकं-हिरवं असेल, कुबट वास असेल तर बुरशी आहे, मग सगळी बाटली टाकून द्यायची, वरचं काढून खालचं खायचं नाही. पण नुसतं काळं गुळगुळीत कडं असेल तर बहुतेक ते लोखंडाचं काम आहे. तुम्ही कढई लोखंडी घेतली होती का? किंवा झाकण पत्र्याचं, आतून खरचटलेलं? व्हिनेगर लोखंड थोडं विरघळवतं, लवंग-दालचिनीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, दोघांची गाठ पडली की एक संयुग होतं आणि बाटलीच्या गळ्याशी हवा लागून ते काळं पडतं. हिरडा आणि लोखंड एकत्र आणून कलमकारीतला काळा रंग करतात ना, त्याचाच हा भाऊ. विषारी नाही पण दिसतं घाण.

म्हणून वर्गात आम्हाला लवंगेची डोकी मोडून टाकायला लावायचे. ते टपोरं फूल असतं ना वरचं, ते काढायचं आणि दांडी घ्यायची. आम्ही पोरी हसायचो त्यावर, तासभर बसून लवंगांची मुंडकी मोडतोय म्हणून.

आता पुन्हा कराल तेव्हा असं करा. लालबुंद, कडक पिकलेले टोमॅटो घ्या, हिरवट खांदे असतील तर तेवढे कापून टाका. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात पाणी न घालता चिरून शिजवा आणि पुरणयंत्रातून गाळा, साल-बिया वर राहतात. गाळलेला गर एक लिटर असेल तर त्याला साखर ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, आलं १० ग्रॅम, लसूण ५ ग्रॅम, लाल तिखट चमचाभर, दालचिनीचा छोटा तुकडा, मुंडकी काढलेल्या चार-पाच लवंगा. कांदा-लसूण-आलं आणि मसाले ठेचून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ती गरात सोडायची, मधूनमधून चमच्याने दाबायची म्हणजे अर्क उतरतो आणि सॉस चरबरीत होत नाही. साखर सगळी एकदम नाही, एक तृतीयांश सुरुवातीला, त्याने रंग धरून राहतो, बाकीची गर निम्मा आटल्यावर. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की रंग फिका पडतो. व्हिनेगर तर अगदी शेवटी, दोन मोठे चमचे, आधी घातलं तर त्याची वाफ होऊन घरभर डोळे चुरचुरतात आणि सॉसमध्ये काही उरत नाही.

झालं की नाही ते कसं बघायचं, तर थंड बशीवर एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंबाभोवती पाण्याची कडा पसरली तर अजून आटवा. तुमच्या बाटलीत वर पाणी सुटलं ते इथेच, कमी आटलंय. विकतच्यात सुटत नाही कारण बऱ्याच बाटल्यांत झँथन गम किंवा स्टार्च असतो, लेबलवर ४१५, १४२२ असे नंबर दिसतात ते तेच, त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि आता माझी कबुली. लिटरभर गर आटून साधारण एक तृतीयांश उरतो, साडेतीनशे ग्रॅम म्हणा. त्यात आपण घातलेली ७५ ग्रॅम साखर आणि टोमॅटोची स्वतःची पंचवीसेक ग्रॅम, मिळून १००. म्हणजे घरच्या सॉसमध्येही साखर २८ टक्क्यांच्या घरात! मी कित्येक वर्षं ‘घरचा आहे, खा गं’ म्हणून वाढत होते आणि हिशोब केला तो हे सदर लिहिताना. साखर निम्मी करून चालते, चव जरा उग्र लागते पण पोरांना आठवड्यात सवय होते, फक्त मग बाटली फ्रिजमध्येच ठेवायची आणि तीन-चार आठवड्यांत संपवायची.

प्रश्न : मला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, वय ६८. मित्रमंडळाच्या ग्रुपवर आलंय की टोमॅटो सॉसमधल्या लायकोपीनने प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही, म्हणून मी रोज दोन चमचे शुगर फ्री सॉस घेतो, औषधासारखा. बरोबर आहे ना? (नागपूर)

काका, मेसेजमध्ये थोडं खरं आहे म्हणूनच तो फिरतो. लायकोपीन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅमला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असतं, केचपमध्ये बाराच्या आसपास, पेस्टमध्ये पंचवीसच्या वर. आणि इथे उलटी गंमत आहे, बाकी जीवनसत्त्वं शिजवून कमी होतात (टोमॅटोतलं सी होतंच) पण लायकोपीन शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं, कारण पेशींच्या भिंती फुटतात आणि त्याचा रेणूही आतड्यातून सहज जाईल असा बदलतो, शिवाय ते तेलात विरघळतं म्हणून सोबत थोडं तेल-तूप असलं तर अजून बरं. माझी ‘पाक’वाली ओळ इथे पडते, नुसत्या पाकात हे काही नसतं.

पण कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २००५ मध्ये हे सगळं तपासून बघितलं होतं, टोमॅटो आणि प्रोस्टेटबद्दलचा पुरावा ‘फारच मर्यादित आणि प्राथमिक’ आहे असं लिहायचीच परवानगी दिली आणि नुसत्या लायकोपीनच्या गोळ्यांबद्दलचा दावा तर फेटाळलाच. म्हणजे औषध नाही.

आणि शुगर फ्रीमध्ये साखर गेली, मीठ तिथेच आहे. तुम्हाला बीपी आहे, तुमचं दुखणं तर त्या मिठात आहे. लायकोपीनच हवं असेल तर आमटीत किंवा भाजीत दोन टोमॅटो तेलावर चांगले परतून घाला की. एक मात्र विचारून घ्या, किडनीचा काही त्रास आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर पेस्ट-प्युरी जपून, पेस्टमध्ये १०० ग्रॅमला पोटॅशियम हजार मिलिग्रॅमच्या घरात जातं. ते डॉक्टरांनाच विचारा, ग्रुपवर नको.

प्रश्न : टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो म्हणून आमच्याकडे बिया काढून चटणी करतात. गरज आहे का? (सोलापूर)

नाही. मुतखड्यात बी सापडत नाही हो. ज्यापासून बहुतेक खडे बनतात ते ऑक्झलेट टोमॅटोत थोडंच असतं, पालकात त्याच्या कितीतरी पट, शेकड्यांनी मिलिग्रॅम. मिठाचं प्रमाण जास्त झालं तर मात्र लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि ते खड्याला मदत करतं, म्हणून बिया राहू द्या, मीठ बघा, पाणी प्या. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलंय त्यांनी ते पाळावं.

प्रश्न : तुम्ही पुण्या-मुंबईवाले बाटलीवरच लिहिता. आमच्या भेदऱ्याच्या चटणीसमोर तुमचा सॉस म्हणजे काय हो? एकदा तिच्यावर लिहा. (यवतमाळ)

लिहिते, आणि मी अर्धी वऱ्हाडचीच आहे, सासर तिकडचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भेदरं म्हणजे टोमॅटो. जुन्या लोकांच्या तोंडी वेलवांगी पण ऐकलंय, बंगालीतही त्याला विलायती वांगं म्हणायचे, वांग्याचाच नातलग आहे ना तो. अमेरिका खंडातून युरोपात आणि तिथून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला हा पाहुणा, पण वऱ्हाडात त्याचं बारसं नव्याने झालं हे मला फार आवडतं.

सासूबाई चुलीच्या निखाऱ्यावर भेदरं ठेवायच्या, साल काळी पडून तडकेपर्यंत, शेजारी हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा कांदा. मग साल ओढून काढायची (सगळी नाही, थोडी जळकी राहू द्यायची, चव तीच आहे), मीठ, कोथिंबीर, आणि हाताने किंवा तांब्याच्या बुडाने रगडायचं. वरून कच्चं तेल, जवसाचं असेल तर विचारूच नका. मिक्सर लावला की त्याचं सूप होतं, नका लावू. ज्वारीची भाकरी, ही चटणी आणि कांदा, बास.

खाण्याच्या हिशोबात बघितलं तर सॉस हिच्यासमोर उभा राहत नाही. कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅमला १८ कॅलरी असतात, केचपमध्ये शंभराच्या आसपास. चटणीत साखर घातलेली नाही, भाजल्याने लायकोपीन मोकळं झालंय, वरच्या तेलाने ते अंगाला लागतं, आणि मीठ तुमच्या हातात. तरी ही टिकत नाही, दुपारची रात्रीपर्यंत, फार तर फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत. सॉसने टिकाऊपणा घेतला आणि साखर-मीठ दिलं, सौदा तेवढाच आहे.

तिकडेच हिरव्या टोमॅटोचीही चटणी होते, तीळ-दाण्याचं कूट घालून, किंचित गुळाचा खडा. आंध्रातली मंडळी टोमॅटो उन्हात वाळवून चिंच आणि भरपूर तेल घालून पच्चडी करतात, ती खरोखर महिनोन् महिने राहते. बंगाल्यांची टोमॅटो-खजुराची चटणी जेवणाच्या शेवटी येते, पापडाबरोबर, ती गोडच असते आणि त्यांना कोणी पाक म्हणून हिणवत नाही.

प्रश्न : ताई, मी जर्मनीत मास्टर्स करतोय. टोमॅटो इथे महाग आणि बेचव, पण सुपरमार्केटमध्ये पासाटा आणि ट्यूबमध्ये टोमॅटो पेस्ट स्वस्त मिळते. आई म्हणते डब्यातलं खाऊ नको. केचप घालून पावभाजी केली ती गोड झाली. (स्टुटगार्ट)

अरे आईला सांग, पासाटा म्हणजे आपण पुरणयंत्रातून गाळतो तोच गर. घटकांत फक्त टोमॅटो आणि फार तर मीठ लिहिलं असेल तर बिनधास्त घे. हिवाळ्यातल्या त्या फिकट टोमॅटोपेक्षा तो चांगलाच, उन्हाळ्यात पिकलेल्या टोमॅटोचा असतो.

ट्यूबमधली पेस्ट मात्र तेलात परतायची हं, पाण्यात कालवायची नाही. कांदा परतला की एक चमचा पेस्ट घाल, ती लालची विटकरी होईपर्यंत आणि तेल सुटेपर्यंत परत, कच्चट धातूसारखी चव जाते. पावभाजी, मिसळीचा कट, छोले, राजमा सगळं यावर होतं. केचपने पावभाजी गोड होणारच, त्यात साखर आहे, ते भाजीत घालायचं नाही, पावाच्या बाजूला ठेवायचं. झालीच आहे गोड तर लिंबू पिळ आणि तिखट वाढव.

पासाट्याचं सार करून बघ, सर्दीत आईची आठवण कमी येईल. कपभर पासाटा, दोन कप पाणी, मीठ, साखर चिमूटभर, उकळू दे. गॅस बारीक करून नारळाच्या दुधाचा अर्धा डबा घाल आणि मग उकळी आणू नको, फुटतं. तुपाची फोडणी, जिरं, हिंग, कढीपत्ता मिळाला तर. भाताबरोबर नाहीतर नुसतंच मगात घेऊन खिडकीशी बस.

बाकी केचपला जर्मनीत मान आहे. १९४९ मध्ये बर्लिनच्या हेर्टा हॉयवर बाईंनी सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून करीवुर्स्ट काढलं, आता ते त्यांचं वडापाव झालंय. जपानी लोक तर केचप घालून स्पॅगेटी परततात, नापोरितान म्हणतात त्याला, युद्धानंतर योकोहामात सुरू झालेला प्रकार. इटालियन माणसाला दाखवू नकोस फक्त.

प्रश्न : गाडीवर मिळणारा सॉस भोपळ्याचा असतो म्हणतात, खरं का? आयोडीन टाकून निळा झाला की भेसळ असा व्हिडिओ बघितला. (डोंबिवली)

स्वस्त सॉसमध्ये लाल भोपळा, पपई, स्टार्च, रंग वापरतात हे काही गुपित नाही. भोपळा खाणं वाईट नाही, टोमॅटो म्हणून खपवणं वाईट. लेबलवर ‘टोमॅटो’ शब्दच नसेल, नुसतं स्नॅक सॉस वगैरे असेल तर त्यात टोमॅटो शोधू नका. आयोडीनने स्टार्च निळा होतो हे बरोबर, पण चांगल्या बाटल्यांतही स्टार्च नियमात राहून घातलेला आणि छापलेला असतो, म्हणून त्या व्हिडिओवरून कोणाला चोर ठरवू नका. मला गाडीवरच्या सॉसची भीती भोपळ्याची नाही, त्या लाल प्लास्टिकच्या बाटलीची वाटते, तिच्या तोंडाशी काय काय वाळलेलं असतं आणि ती शेवटची धुतली कधी.

उघडपणे केलं तर बदली मालाचं सोनंही होतं बरं का. दुसऱ्या महायुद्धात फिलिपीन्समध्ये टोमॅटोची टंचाई झाली तेव्हा केळ्यांचं केचप पुढे आलं, त्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नतंत्रज्ञ बाईंना देतात, १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या गेल्या. तिथे आजही बाटलीवर ‘बनाना केचप’ असंच लिहून विकतात आणि लोक आवडीने घेतात, रंग मात्र लालच.

प्रश्न : आमचा टोमॅटो आहे. भाव पडला की क्रेट नारायणगावला न्यायचं भाडंसुद्धा निघत नाही. घरच्यापुरती प्युरी बाटल्यांत भरली तर मागच्या वेळी दोन बाटल्यांची झाकणं फुगली. काय चुकलं? (जुन्नर तालुका)

फुगलेल्या बाटल्या चाखून बघितल्या नसतील अशी आशा करते. कधीही चाखायच्या नाहीत, वास घ्यायलासुद्धा उघडायच्या नाहीत.

२०२३ च्या जुलैत आम्ही शहरातले किलोला दीडशे-दोनशे मोजत होतो आणि त्याच वर्षात पुढे तुमच्यावर रस्त्यावर ओतायची वेळ आली, म्हणून हे उत्तर जरा मनापासून लिहितेय. चूक बहुधा आंबटपणाची आहे. टोमॅटो आंबट लागतो पण त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या अलीकडे-पलीकडे हलतो, जास्त पिकलेला तर वरही जातो, आणि ४.६ च्या वर बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. केचपमध्ये व्हिनेगर असतं म्हणून ते वाचतं, नुसत्या प्युरीत काही नसतं. म्हणून लिटरला अर्धा छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड, किराणावाल्याकडे लिंबूसत्व म्हणून मिळतं, ते घालायचंच. गर चांगला आटवा, काचेच्या बाटल्या उकळून घ्या, गरम गर गरम बाटलीत भरा, वर बोटभर जागा सोडा. झाकण लावून बाटल्या मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून पाण्यात पूर्ण बुडवा आणि खळखळ उकळी आल्यापासून अर्ध्या लिटरच्या बाटलीला ४० मिनिटं. समुद्रकाठी ३५ पुरतात, तुमच्याकडे उंचीमुळे पाणी थोडं कमी तापमानाला उकळतं. अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं तांबं-पितळ नको. फुटके, डागी, बुरशी लागलेले टोमॅटो ‘एवढा भाग काढला की झालं’ म्हणून वापरू नका.

फ्रीझर असेल तर एवढं काही नको, आटवलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये लावा आणि वड्या पिशवीत भरून ठेवा, आमटीला दोन वड्या पुरतात. आणि शेजारीपाजारी विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, बचत गटाच्या बायकांनी एकत्र केली तर सोपं जातं.

प्रश्न : बाटली फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर? आणि काचेच्या बाटलीतून सॉस आधी येतच नाही आणि मग एकदम भसकन पडतो, त्यावर काही? (पणजी)

उघडल्यावर महिनाभरात संपत असेल तर बाहेर चालेल, पण तुमच्याकडची दमट हवा बघता फ्रिजच बरा, आणि तोंड पुसून झाकण लावा. भसकन पडतो कारण सॉस स्थिर असताना घट्ट आणि हलवला की पातळ होतो, त्याचा स्वभावच तो. झाकण घट्ट लावून आधी जोरात हलवा, मग उघडून बाटली आडवी धरून हळू कलवा, उभी उलटी करून बुडावर थापट्या मारू नका. माझ्या पांढऱ्या ओढणीवर अजून डाग आहे.